अनुभवाला मान, मजुरीला कात्री

२०१६ च्या आरंभी इंग्लंडमध्ये एक घटना घडली. आकड्यांच्या हिशेबाने ती क्षुल्लक वाटावी अशी होती. काही शे माणसांच्या कामाचा मोबदला तासाला सतरा पौंडांच्या आसपास होता. नव्या कंत्राटात तो सव्वाआठ पौंडांवर आणण्यात आला. लंडन शहरापुरता दर तेवढा थोडा अधिक, म्हणजे ९ पौंड ४० पेन्स ठेवला गेला. ही माणसे गिरणीत वा गोदीत राबणारी नव्हती. त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेले स्त्रीपुरुष होते, मानसिक आजारातून गेलेली माणसे होती, वार्धक्यामुळे दुसऱ्याच्या आधाराने जगणारे होते आणि अशा आप्तांची वर्षानुवर्षे घरी काळजी वाहणारेही होते. रुग्णालये, निवासगृहे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांच्या तपासणीसाठी सरकारी तपासनीसाबरोबर जाणे, तेथे राहणाऱ्यांशी बोलणे आणि जे दिसेल ते सांगणे, हे त्यांचे काम होते. सरकारी यंत्रणेने त्यांना ‘अनुभवतज्ज्ञ’ असे भारदस्त नाव दिले होते. मजुरी निम्म्यावर आल्यानंतरही ते नाव मात्र कायम राहिले.

या घटनेचा अर्थ नीट समजावून घेणे समाजवादी कार्यकर्त्यांना अगत्याचे आहे. ज्यांना समाज काहीच कळत नाही असे मानतो, त्यांच्याजवळ असलेले ज्ञान शासनाला हवे असते. त्या ज्ञानाचे जाहीर कौतुकही केले जाते. परंतु ते श्रम म्हणून मोजण्याची वेळ आली की हात आखडतो. कौतुक आणि मजुरी यांच्यातील ही दरी म्हणजे दयाबुद्धी आणि न्याय यांच्यातील दरी होय. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना देखभाल सेवांचे तपासनीस म्हणून नेमावे काय, हा प्रश्न वरवर समाजकल्याणाचा दिसतो. वस्तुतः तो श्रमाचा, वेतनाचा आणि सत्तेचा प्रश्न आहे.

तपासणी कशासाठी?

१९१३ च्या ‘मेंटल डेफिशिअन्सी’ कायद्याने इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचे प्रकार पाडले आणि त्यांना समाजापासून दूर, मोठमोठ्या वसाहतींत नेऊन ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. तो कायदा १९५९ मध्ये रद्द झाला, परंतु वसाहतींच्या भिंती तशाच उभ्या होत्या. त्या भिंतींच्या आत काय चालते याचा उलगडा व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. वेल्समधील कार्डिफ शहरातल्या ईली रुग्णालयात रुग्णांना मारहाण होते, त्यांचे अन्न आणि कपडे कर्मचारी पळवितात, अशा तक्रारी तेथील एका साध्या मदतनिसाने केल्या आणि त्या वृत्तपत्रातून बाहेर आल्या. चौकशी समितीचे अध्यक्ष होते जेफ्री हाऊ. हेच गृहस्थ पुढे थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. समितीचा अहवाल १९६९ मध्ये आला आणि मजूर सरकारातील मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो काटछाट न करता प्रसिद्ध केला. रुग्णालयांना भेटी देऊन पाहणी करणारी एक नवी यंत्रणा त्यातूनच जन्माला आली. मात्र डॉक्टर मंडळींच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिला ‘तपासणी’ऐवजी ‘सल्लागार’ असे नाव देण्यात आले. तपासणीची भीती कोणाला वाटत होती, हे या नावावरूनच उघड होते.

पुढील तीन दशकांत मोठ्या वसाहती क्रमाने बंद झाल्या. ते स्वागतार्हच होते. परंतु याच काळात हुजूर पक्षाच्या राजवटीने देखभालीचा बाजार उभा केला. १९९० च्या कायद्याने स्थानिक संस्थांना सेवा देणाऱ्याच्या भूमिकेतून काढून सेवा विकत घेणाऱ्याच्या भूमिकेत ढकलले आणि खाजगी कंपन्यांना मोकळे रान मिळाले. ब्रिस्टल शहराजवळचे ‘विंटरबोर्न व्ह्यू’ हे चोवीस खाटांचे रुग्णालय या व्यवस्थेचेच अपत्य होते. एका खाजगी कंपनीने चालविलेल्या या रुग्णालयात प्रत्येक रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सार्वजनिक तिजोरीतून दिले जात होते. म्हणजे एका माणसामागे वर्षाला १ लाख ८२ हजार पौंड. या पैशात त्या माणसांना काय मिळत होते, ते ३१ मे २०११ रोजी ‘बीबीसी’च्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांतून दाखविले. लाथा, थपडा, जमिनीवर दाबून धरणे, कपड्यांसकट पाण्याखाली लोटणे. पुढे अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१२ च्या ऑक्टोबरात त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या प्रकरणातील खरी लांच्छनास्पद गोष्ट पुढेच आहे. २००९ पासून इंग्लंडमध्ये ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही आरोग्य आणि देखभाल सेवांवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा काम करीत होती. विंटरबोर्नमधील एका परिचारकाने वरिष्ठांना लेखी कळविले, नंतर या आयोगाकडेही पुन:पुन्हा धाव घेतली. कोणी हालले नाही. यंत्रणा होती, नियम होते, अर्ज आणि तक्ते होते. भिंतीच्या आतल्या माणसाचा शब्द बाहेर पोचविणारी वाट तेवढी नव्हती.

गिऱ्हाईक कोण?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बाजाराचे समर्थन एका साध्या गृहीतावर उभे असते. माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल आणि या भीतीने दुकानदार सरळ राहील. देखभालीच्या बाजारात हे गृहीत पायापासूनच कोसळते. येथे पैसे देते स्थानिक संस्था किंवा आरोग्य सेवा, विकते कंपनी आणि त्या मालासह चोवीस तास राहतो तो तिसराच माणूस. पैसे देणारा तेथे राहत नाही आणि राहणाऱ्याच्या हाती पैसा नसतो. त्याला दार उघडून निघून जाता येत नाही, कारण दाराला बाहेरून कुलूप असते. आणि कुलूप नसले तरी जावयाचे कोठे, हा प्रश्न असतोच.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संस्थांच्या घसरणीवर दोन उतारे सांगितले होते: सोडून जाणे आणि आवाज उठविणे. सोडून जाण्याची वाट जेथे बंद असते तेथे सारा भार आवाजावर येतो. विंटरबोर्नसारख्या ठिकाणी तर आवाजही दाबलेला असतो. काहींना बोलता येत नाही, काहींचे बोलणे परक्याला समजत नाही आणि ज्यांना बोलता येते त्यांना रात्री त्याच कर्मचाऱ्यांच्या ताब्यात राहावयाचे असते. अशा माणसासमोर कोट घातलेला अधिकारी येऊन ‘येथे सर्व ठीक आहे ना?’ असे विचारतो, तेव्हा ‘हो’ या उत्तराखेरीज दुसरे काय मिळणार? त्या ‘हो’ची नोंद तक्त्यात होते आणि संस्थेला चांगला शेरा मिळतो.

म्हणून तपासणी ही देखभालीच्या बाजारावरील एक जादा औपचारिकता नव्हे. बाजाराची शिस्त जेथे लागूच होत नाही तेथे सार्वजनिक पैशाचा आणि माणसाच्या जीविताचा तोच काय तो पहारा आहे. हा पहारा कोणी द्यावयाचा, हा खरा प्रश्न.

अनुभव हे कौशल्यच

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपली म्हण आहे. इंग्लंडमधील बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या चळवळीने हीच गोष्ट संघटनेच्या बळावर शासनाच्या गळी उतरविली. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९७४ मध्ये ‘पीपल फर्स्ट’ या नावाने त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ‘आम्ही आधी माणसे, मग अपंग’, एवढा साधा तिचा आशय होता. १९८४ मध्ये लंडनमध्ये त्याच नावाची संघटना स्थापन झाली. २००१ मध्ये मजूर सरकारने बौद्धिक अपंगत्वासंबंधी जी श्वेतपत्रिका काढली तिच्यात हक्क, स्वावलंबन, निवड आणि समावेश ही चार सूत्रे मान्य करण्यात आली. त्यानंतरच्या काही वर्षांत सामाजिक देखभालीच्या तपासणीत सेवा घेणाऱ्यांना बरोबर नेण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे नव्या आयोगाने उचलली. विंटरबोर्नच्या प्रकारानंतर आयोगाने बौद्धिक अपंगांसाठी असलेल्या सुमारे दीडशे ठिकाणांची खास तपासणी हाती घेतली. तिच्या पथकांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि अपंगांचे पालक यांना स्थान होते. २०१२ मध्ये निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा जवळजवळ निम्मी ठिकाणे आवश्यक मानकांना उतरत नव्हती असे दिसले.

हा अनुभवतज्ज्ञ नेमके काय करतो? तो औषधांच्या मात्रा तपासत नाही, जमाखर्चाच्या वह्या पाहत नाही. ती कामे परिचारिकेची आणि हिशेबनिसाची आहेत आणि तेथे त्यांचीच गरज आहे. अनुभवतज्ज्ञ खोलीत शिरतो आणि ही खोली खरोखर कोणाची आहे ते पाहतो. कर्मचारी आत येताना दार ठोठावतात काय? कपाटाची किल्ली कोणाजवळ असते? झोपावयाची वेळ राहणाऱ्याच्या मनाप्रमाणे ठरते की पाळी बदलण्याच्या वेळेप्रमाणे? दुपारचे जेवण चित्रांतून दाखवून विचारले जाते की भिंतीवर नुसता छापील कागद चिकटविलेला आहे, जो तेथे राहणाऱ्यांपैकी कोणालाच वाचता येत नाही? स्वतःचे पैसे स्वतः खर्च करता येतात काय? मित्र भेटावयास आला तर कोठे बसवितात? कर्मचारी राहणाऱ्याशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी?

हे प्रश्न कोणत्याही पदवी परीक्षेत विचारले जात नाहीत. ते सुचावयास अशा घरात राहिलेले असावे लागते. शिवाय, उत्तर मिळवावयासही तेच कारण उपयोगी पडते. आपल्यासारखाच कोणी समोर बसला आहे, तोही अशाच ठिकाणी राहिला आहे, त्यालाही शब्द सापडावयास वेळ लागतो, हे पाहिल्यावर राहणाऱ्याची भीती थोडी सैल होते. अधिकाऱ्याला मिळणारा ‘हो’ येथे ‘हो, पण’ असा होतो आणि त्या ‘पण’नंतर जे येते त्यासाठीच तपासणी असते. ज्या कामात विशिष्ट निरीक्षण लागते, प्रशिक्षण लागते, जबाबदारी असते आणि ज्याचे फळ दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही, त्या कामाला अर्थशास्त्रात कुशल श्रम म्हणतात. बौद्धिक अपंगत्व हे येथे उणेपण राहत नाही; ते या कौशल्याचे उगमस्थान ठरते.

मजुरीची कहाणी

आता २०१६ च्या घटनेकडे पुन्हा वळावयास हवे. तोवर या कामाची व्यवस्था मुख्यतः धर्मादाय व स्वयंसेवी संस्थांमार्फत होत असे. आयोगाने नव्याने निविदा काढल्या, इंग्लंडचे चार विभाग पाडले आणि त्यांपैकी तीन विभागांचे कंत्राट ‘रेम्प्लॉय’ला मिळाले. या नावामागे एक इतिहास आहे आणि तो समाजवाद्यांनी विसरू नये असा आहे.

दुसऱ्या महायुद्धात कामगार पुढारी अर्नेस्ट बेव्हिन मजूरमंत्री असताना १९४४ चा अपंगांच्या रोजगाराचा कायदा झाला. त्याच्या आधारे १९४५ मध्ये सरकारी मालकीची एक संस्था स्थापन झाली. तीच रेम्प्लॉय. तिचा पहिला कारखाना १९४६ मध्ये वेल्समधील ब्रिजेंड येथे उघडला आणि खाणीत जायबंदी झालेल्या कामगारांना तेथे काम मिळाले. अपंग माणसाला भीक नको, काम हवे आणि ते देण्याची जबाबदारी राष्ट्राची आहे, हे त्यामागील तत्त्व होते. या कारखान्यांत दोष नव्हते असे नाही. अपंगांना वेगळ्या आवारात ठेवून काम देणे योग्य काय, हा वाद अपंगांच्या चळवळीतही होता आणि मजूर सरकारच्याच काळात २००८ मध्ये कित्येक कारखाने बंद झाले. उरलेल्यांवर हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या संयुक्त सरकारने २०१२ आणि २०१३ मध्ये पडदा पाडला. शिल्लक राहिलेला नोकऱ्या मिळवून देण्याचा विभाग २०१५ मध्ये विकण्यात आला. बहुसंख्य मालकी गेली ‘मॅक्सिमस’ या अमेरिकन कंपनीकडे. त्याच वर्षी त्याच कंपनीने ब्रिटिश सरकारचे आणखी एक काम अंगावर घेतले होते: आजारी आणि अपंग माणूस कामाला समर्थ आहे की नाही हे ठरवून त्याच्या भत्त्याचा निर्णय सोपा करून देण्याचे.

एका हाताने ही कंपनी अपंगाची कार्यक्षमता मोजत होती आणि दुसऱ्या हातातील कंत्राटात त्याच्या कुशल कामाचा दर निम्मा करीत होती. कंपनीच्या समर्थनार्थ सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की हे नवे दर कायद्याच्या किमान वेतनापेक्षा अधिक होते. निर्वाहवेतनाच्या ऐच्छिक चळवळीने तेव्हा जे आकडे जाहीर केले होते, नेमके तेच हे दर होते. येथेच गोम आहे. निर्वाहवेतन ही खालची मर्यादा आहे. ज्याच्या खाली कोणालाही राबवू नये अशी ती रेषा. तिलाच कुशल कामाची किंमत ठरविणे म्हणजे त्या कामात कौशल्य नाही असे जाहीर करणे होय. विरोध झाल्यावर जुन्या माणसांना काही काळापुरता वरचा दर देण्याची तडजोड झाली. परंतु ती व्यक्तींपुरती सवलत होती. कामाची किंमत खाली आली ती आलीच.

ही कपात शक्य का झाली याचेही उत्तर अर्थशास्त्र देते. या कामाचा गिऱ्हाईक एकच, तो म्हणजे आयोग. त्याच्याशी वाटाघाट करते कंपनी. काम करणारे देशभर विखुरलेले, महिन्यातून काही दिवस बोलावणे येणारे, एकमेकांना न ओळखणारे. इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या नोंदीत असलेल्या बौद्धिक अपंगत्वाच्या प्रौढांपैकी पगारी काम करणारे शंभरांत पाचसहाच असतात. ज्याच्यापुढे दुसरी नोकरी नाही त्याने मजुरीसाठी घासाघीस कशाच्या बळावर करावी? त्यात भत्त्याच्या नियमांचा फास वेगळाच. मर्यादेपेक्षा अधिक कमावले तर भत्ता जाईल, ही धास्ती कायम. गिरणीमालकांना बदली कामगार जसा सोयीचा असे, तसा हा तज्ज्ञ कंत्राटदाराला सोयीचा असतो.

आणि बचत तरी किती? सतरा पौंडांच्या दराने आठ तासांच्या दिवसाचे १३६ पौंड होतात. विंटरबोर्नमध्ये एका रुग्णामागे एका आठवड्यात जी रक्कम मोजली जात होती, तेवढ्यात अनुभवतज्ज्ञाचे पंचवीस दिवसांचे काम सहज विकत घेता आले असते. ज्या व्यवस्थेला छळासाठी आठवड्याला साडेतीन हजार पौंड परवडतात, तिला छळ शोधून काढणाऱ्याचे १३६ पौंड जड व्हावेत, याला काटकसर म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना आहे.

आक्षेप आणि उत्तरे

या विचाराला काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांची उत्तरे देणे भाग आहे. पहिला असा की, या माणसांना अहवाल लिहिता येत नाही, ती सहज भुलविली जातात. अहवाल लिहिणे हे या कामाचे मर्म नाही. मर्म पाहण्यात आणि ऐकण्यात आहे. लिहावयास, प्रवासास, कागद समजावून सांगण्यास पगारी मदतनीस देता येतो. इंग्लंडमध्ये तशी पद्धत आहे. न्यायाधीशही टंकलेखकाची मदत घेतात. त्यामुळे त्यांचा निकाल टंकलेखकाचा ठरत नाही. आणि भुलविले जाण्याबद्दल म्हणावयाचे तर, विंटरबोर्नने पदवीधर तपासनीसांनाच भुलविले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीच्या आतून येतो. अशा माणसांना तपासणीत घेणे ही केवळ शोभा ठरेल, असे काही जण म्हणतात. या भीतीला आधार आहे. डरहॅम परगण्यातील ‘व्होर्लटन हॉल’ या रुग्णालयातील छळ २०१९ च्या मे महिन्यात पुन्हा ‘पॅनोरमा’नेच उघडकीस आणला. या ठिकाणाला २०१७ मध्ये आयोगाकडून ‘चांगले’ असा शेरा मिळालेला होता आणि आयोगाच्याच तपासनीसाने २०१५ मध्ये तयार केलेला प्रतिकूल अहवाल प्रसिद्धच झालेला नव्हता. खुद्द तपासनीसाचा अहवाल जेथे फडताळात राहतो, तेथे निम्म्या मजुरीच्या अनुभवतज्ज्ञाचे दोन परिच्छेद कोण जपणार? सरकारने विंटरबोर्ननंतर दिलेले वचनही असेच विरले. रुग्णालयात अकारण अडकलेल्यांना जून २०१४ पर्यंत समाजात आणावयाचे ठरले होते. २०२४ च्या सुमारासही बौद्धिक अपंगत्व वा स्वमग्नता असलेली सुमारे दोन हजार माणसे इंग्लंडमधील मानसोपचाराच्या रुग्णालयांत होतीच.

तेव्हा, माणसे नेमली की काम संपले असे नाही. परंतु यावरून नेमूच नयेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे कामगार संचालक मंडळावर एकटा पडतो म्हणून त्याला तेथून हाकलण्यासारखे आहे. उपाय आहे तो त्याचे बळ वाढविण्याचा. मजुरी पूर्ण हवी, नेमणूक कंत्राटदाराकडून न होता थेट सार्वजनिक यंत्रणेकडून व्हावी, निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या शब्दांत प्रसिद्ध व्हावेत आणि संघटनेचा हक्क असावा. हे चार आधार नसतील तर तो तज्ज्ञ शोभेची बाहुली ठरेल. असतील तर संस्थाचालकाची झोप उडेल.

महाराष्ट्राशी संबंध काय?

ही सगळी कहाणी दूरच्या श्रीमंत देशाची आहे, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. पनवेलजवळच्या कळंबोली येथील एका आश्रमातील गतिमंद मुलींवरचे अत्याचार २०११ मध्ये, म्हणजे विंटरबोर्नच्याच वर्षी, उघडकीस आले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले. भिंती तिकडे होत्या तशा इकडेही आहेत.

भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. त्यातील कलम १६ प्रमाणे अपंगांसाठीच्या सर्व संस्थांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख हवी आणि कलम ३३ प्रमाणे देखरेखीच्या प्रक्रियेत अपंग व्यक्ती व त्यांच्या संघटना सहभागी हव्यात. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणात बौद्धिक अपंगत्वाचा प्रथमच समावेश केला. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात या विषयासाठी स्वतंत्र विभागही स्थापन झाला. कागदावर पाया तयार आहे. परंतु कागदावरची नावे बदलून माणसाची स्थिती बदलत नाही. ‘मतिमंद’चे ‘दिव्यांग’ केल्याने कोणाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती येत नाही आणि कोणाची मजुरीही वाढत नाही.

ज्याने काम केले त्यानेच हिशेब तपासावा, हा विचार आपल्या चळवळींना नवा नाही. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया भरविल्या. हजेरीपटावरची नावे चारचौघांत मोठ्याने वाचली जात आणि निरक्षर मजूर उभा राहून सांगे की हा माणूस तर कधीच वारला, या बंधाऱ्यावर तर एक टोपलेही माती पडलेली नाही. हिशेबनिसाला न सापडणारी चोरी खड्डा खणणाऱ्याला सापडली. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली ती या अनुभवातून. तसेच, १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने, ज्यांना शहर कामगार मानावयास तयार नव्हते अशा कचरावेचक स्त्रियांना कामगार म्हणून ओळखपत्रे मिळवून दिली. मजुराचे अज्ञान आणि कचरावेचकाचे अकौशल्य हे जसे लादलेले समज होते, तसाच बौद्धिक अपंगाला काही कळत नाही हाही एक लादलेला समज आहे.

येथे करावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. अपंगांच्या प्रत्येक निवासी संस्थेच्या तपासणी पथकात बौद्धिक अपंगत्व असलेले किमान दोन सभासद असावेत आणि त्यांना पगारी मदतनीस मिळावा. त्यांना ‘मानधन’ नावाची चिल्लर न देता पथकातील इतर सभासदांच्या बरोबरीचा दर, प्रवासखर्च आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचे वेतन मिळावे. ज्या खात्याचे अनुदान संस्थेला जाते त्याच खात्याच्या हाताखाली त्यांना ठेवू नये. त्यांचा अहवाल सोप्या मराठीत, चित्रांसह, संस्थेच्या दारावर लावावा. आणि या मिळकतीमुळे संजय गांधी निराधार योजनेसारख्या आधाराला कोणी मुकणार नाही, अशी सूट उत्पन्नमर्यादेच्या नियमात स्पष्ट शब्दांत असावी. नाहीतर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाईल.

सरकारची वाट न पाहता पक्षाच्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट आजही करता येईल. प्रत्येक तालुक्यात बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसे आहेत. त्यांच्या पालकांच्या सभा होतात, तेथे पुढारी जातात, शालजोडी स्वीकारतात आणि भाषण करून परततात. त्या सभेत मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला आजवर कोणी काही विचारलेले नसते. त्याच्याशेजारी बसून, घाई न करता, ‘तू राहतोस तेथे दाराला कडी कोणत्या बाजूने असते?’ एवढे विचारावे. उत्तर मिळावयास वेळ लागेल. ते ऐकून घेण्याची तयारी असेल तर पहिली तपासणी तेथेच सुरू होईल. आणि मग त्या कामाची पूर्ण मजुरी मागण्याचा लढा आपोआप पुढे उभा राहील.